न दुखणाऱ्या दुखण्याची जबाबदारी

दारात कण्हणारा माणूस दिसला की दयेला वाट विचारावी लागत नाही. कोणी रिक्षा थांबवतो, कोणी पाणी आणतो, कोणी खिशात हात घालतो. परंतु जो कण्हत नाही, ज्याला कोठे दुखत नाही, जो सकाळी कामाला जातो आणि संध्याकाळी थकून घरी परततो, अशा गरीब माणसाचे आपण काही देणे लागतो काय? त्याच्या पोटात त्याच्याही नकळत एखादा रोग घर करीत असेल, तो वेळीच शोधण्याचा उपाय त्याच शहरात उपलब्ध असेल आणि केवळ पैसा नाही म्हणून तो उपाय त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर त्याला दुर्दैव म्हणावे की अन्याय?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना न्याय आणि दया यांतील भेद आम्हांकडून घोटून घेण्यात आला होता. दुसऱ्याचे जे आहे ते त्याला देणे हा न्याय. आपले जे आहे त्यातून देणे ही दया. व्याख्या सुटसुटीत आहे. अडचण एवढीच की, आजाराच्या बाबतीत 'दुसऱ्याचे' काय आणि 'आपले' काय, हे वैद्यकशास्त्र दर पिढीला नव्याने ठरवीत असते. ज्या काळी उपायच नव्हता, त्या काळी कोणी कोणाचे देणे लागत नव्हते. उपाय सापडला, शेजारच्या घरी पोहोचला आणि या घरी मात्र पोहोचला नाही, म्हणजे हिशेब सुरू होतो.

हा हिशेब तपासून पाहण्यासाठी आम्ही येथे एकच रोग आणि एकच देश घेत आहोत. रोग मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग, देश अमेरिका. आपल्या कित्येक कुटुंबांतील मुले-मुली त्या देशात स्थायिक झाल्या आहेत, त्यामुळे तो आता पूर्वीइतका परका राहिलेला नाही. शिवाय जेथे साधनांची टंचाई आहे तेथे गरीब का वगळला गेला याचे उत्तर टंचाईवर ढकलता येते. जेथे साधने मुबलक आहेत तेथे ती पळवाट उरत नाही. आतडे, शौच, गुदद्वार हे शब्द साहित्यविषयक त्रैमासिकाला शोभत नाहीत असे एखाद्या वाचकास वाटेल. परंतु या रोगाने मरणाऱ्यांपैकी काही जण अशा संकोचापायीच मरतात, तेव्हा तो संकोच आपण या पानापुरता तरी बाजूला ठेवलेला बरा.

या रोगाची एक रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. तो बहुधा एकाएकी येत नाही. आतड्याच्या अस्तरावर प्रथम एक लहानसा मांसल कोंब उगवतो. डॉक्टर त्यास पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप जन्मभर निरुपद्रवी राहतात. काहींचे मात्र दहा-दहा वर्षांच्या संथ गतीने कर्करोगात रूपांतर होते. या दीर्घ काळात दुखणे नसते, भूक लागते, कामही होते. आतड्यात दुर्बिणीची लवचिक नळी घालून पाहिले, म्हणजेच कोलोनोस्कोपी केली, तर तो कोंब दिसतो आणि त्याच वेळी कापूनही टाकता येतो. रोग होण्याआधीच त्याचे बीज उपटण्याची सोय फार थोड्या कर्करोगांत आहे. हा त्यांपैकी एक. दुसरा मार्ग अधिक साधा आहे. वर्षातून एकदा शौचाचा नमुना घरच्या घरी घेऊन पाठवायचा आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे रक्त आहे काय ते प्रयोगशाळेत पाहायचे. रक्त आढळले तर मात्र कोलोनोस्कोपीवाचून पुढे जाता येत नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा दरवर्षी अशी शौचतपासणी करून घेणाऱ्यांच्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसून आले होते.

वेळेला किती मोल आहे पाहा. रोग आतड्यापुरता मर्यादित असताना सापडला, तर दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला, तर सातांपैकी सुमारे एक. अमेरिकेत दरवर्षी सुमारे दीड लाख लोकांना हा रोग झाल्याचे निदान होते आणि पन्नास हजारांहून अधिक लोक त्याने दगावतात. तेथे पूर्वी वयाच्या ५०व्या वर्षापासून तपासणी सुरू करावी असा सल्ला दिला जाई. तरुणांतील वाढते प्रमाण पाहून २०२१ साली ती मर्यादा ४५ वर्षांवर आणण्यात आली.

आता त्या देशातील आरोग्याची व्यवस्था. तेथे बहुसंख्य लोकांचा आरोग्य विमा नोकरीशी बांधलेला असतो. ६५ वर्षे पूर्ण झाली की १९६५ साली सुरू झालेली मेडिकेअर ही सरकारी योजना आधार देते. अतिशय गरिबांसाठी मेडिकेड आहे. तथापि तिचे निकष राज्याराज्यांत वेगळे आहेत. या सर्वांच्या मधल्या फटीत कोण पडतो? हॉटेलात भांडी घासणारा, घरे रंगवणारा, दोन ठिकाणी अर्धवेळ राबणारी बाई. त्यांचे उत्पन्न मेडिकेड मिळावे इतके कमी नसते आणि विमा विकत घ्यावा इतके जास्तही नसते. २०१० साली झालेल्या आरोग्य कायद्याने अनेकांना विम्याच्या छत्राखाली आणले आणि ही तपासणी विमा कंपनीने रुग्णाकडून वेगळे पैसे न घेता करून द्यावी असे बंधन घातले. परंतु ज्याच्याजवळ विमाच नाही, त्याला या बंधनाचा उपयोग काय? आजही त्या देशात अडीच कोटींहून अधिक लोक विम्यावाचून आहेत.

त्याच देशात १९८६ सालचा आणखी एक कायदा आहे. कोणताही रुग्ण गंभीर अवस्थेत रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आला, तर त्याच्यापाशी पैसे आहेत की नाहीत हे न पाहता त्याला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावी असे हा कायदा सांगतो. कायदा चांगला आहे, माणुसकीचा आहे. पण त्याचा परिणाम काय होतो तेही पाहावे. आतडे गाठीने पूर्ण तुंबले, पोट फुगले, रंगारी वेदनेने तळमळत तातडीच्या विभागात आला, की तेथे त्याची शस्त्रक्रिया होईल. दहा वर्षांपूर्वी हाच मनुष्य त्याच रुग्णालयाच्या दारावरून रोज कामाला जात होता, तेव्हा त्याच्या आतड्यातील वाटाण्याएवढा कोंब काढून देण्याचे बंधन कोणावरच नव्हते. कायदा कण्हण्याला उत्तर देतो. आपली दयाही बहुधा तेच करते. कायदे करणारी माणसे काही वेगळ्या मातीची नसतात.

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, ज्याने त्याने आपल्या प्रकृतीची काळजी घ्यावी. हा आक्षेप आम्हांस फार वेळ थांबवीत नाही. आठवड्याच्या पगारातून घरभाडे आणि मुलांचे दूध भागवणाऱ्याने न दुखणाऱ्या पोटासाठी हजार-दोन हजार डॉलर बाजूला काढावेत, असे म्हणणाऱ्याने एकदा त्या पगारावर महिना काढून पाहावा. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. पैसा मर्यादित आहे, आजारी गरीब रांगेत ताटकळत उभे आहेत. अशा वेळी आज निरोगी दिसणाऱ्या हजार माणसांवर खर्च करणे म्हणजे आजाऱ्याच्या तोंडचा घास काढणे नव्हे काय? डोळ्यांसमोरच्या दुःखाचा हक्क पहिला, हे कोण नाकारील? या आक्षेपाला तर्काने उत्तर देण्याचा प्रयत्न आम्हीही करून पाहिला. परंतु त्याहून चांगले उत्तर एका लहानशा राज्याने आपल्या कृतीने दिले आहे.

डेलावेअर हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चिमुकले राज्य. २००० साली त्याची लोकसंख्या जेमतेम आठ लाख होती. म्हणजे २०११च्या जनगणनेतील आपल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या लोकसंख्येपेक्षाही कमी. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमाणात मात्र ते देशात बरेच वर होते. रुथ अ‍ॅन मिनर २००१ साली तेथील गव्हर्नर झाल्या. त्यांचे पती फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले होते. त्याच वर्षी कर्करोगाचा विचार करण्यासाठी तेथे एक सल्लागार मंडळ नेमण्यात आले आणि त्या मंडळाच्या विचारविनिमयातून पुढे जो कार्यक्रम आकारास आला, त्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगास अग्रस्थान मिळाले. पैसा कोठून आणला? सिगारेट कंपन्यांनी १९९८ साली राज्यांशी केलेल्या मोठ्या समझोत्यातून जो निधी मिळत होता, त्यातून. धुराने मिळवलेला पैसा आतड्याच्या कामी आला, यात नियतीचा काही विनोद असावा.

२००२ पासून राज्यातील विमा नसलेल्या, अल्प उत्पन्नाच्या लोकांच्या कोलोनोस्कोपीचा खर्च शासन देऊ लागले. निकष कठोर नव्हता. सरकारी दारिद्र्यरेषेच्या अडीच पटीपर्यंत उत्पन्न असलेल्यालाही लाभ मिळे. रुग्णालयांतून खास परिचारिका नेमल्या गेल्या. लोकांना गाठणे, तारीख ठरवणे, आठवण करणे, भीती वाटणाऱ्याशी बोलणे आणि निदान झालेच तर पुढच्या दारापर्यंत नेणे, हे त्यांचे काम. तपासणीला येण्यात आणि रोग लवकर सापडण्यात आफ्रिकी-अमेरिकी समाज फार मागे होता, म्हणून त्या वस्त्यांवर विशेष लक्ष देण्यात आले. आणि २००४ साली या राज्याने आणखी एक पाऊल टाकले. विमा नसलेल्या ज्या रहिवाशाला कर्करोगाचे नवे निदान होईल, त्याच्या उपचाराचा खर्चही शासन करील असे ठरले. हा आधार पुढे दोन वर्षांपर्यंत वाढवण्यात आला.

परिणाम २०१३ साली डॉ. स्टीफन ग्रब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. २००२ साली राज्यातील पन्नाशीपुढच्या लोकांपैकी ५७ टक्के लोकांची तपासणी झालेली होती. २००९ साली ७४ टक्के. आफ्रिकी-अमेरिकी लोकांत हे प्रमाण ४८वरून ७४वर गेले, म्हणजे ते गोऱ्यांच्या बरोबरीस आले. रोग पसरल्यावर निदान होणाऱ्या आफ्रिकी-अमेरिकी रुग्णांचा वाटा ७९ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर उतरला. त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण दर लाखास सुमारे ३१ होते, ते १८वर आले. गोऱ्यांत ते साडेएकोणिसावरून सतराच्या आसपास आले. दोन समाजांच्या मरणातील जी दरी अनेकांनी रक्ताची, वंशाची, सवयींची म्हणून सोडून दिली होती, तिचा मोठा भाग सात-आठ वर्षांत बुजला. खर्चाचेही त्यांनी मांडले आहे. तपासणीवर वर्षाला सुमारे दहा लाख डॉलर, उपचारांवर सुमारे साठ लाख. आणि रोग कमी झाल्याने व लवकर सापडल्याने वाचलेला खर्च वर्षाला सुमारे पंच्याऐंशी लाख. आजाऱ्याच्या तोंडचा घास निघाला नाही, असे या आकड्यांवरून दिसते. तथापि आम्ही आमचा युक्तिवाद बचतीवर उभा करू इच्छीत नाही. उद्या हिशेब उलटा आला, तर त्या माणसांचा हक्क संपला असे म्हणण्याची आमची तयारी नाही.

डेलावेअरच्या कथेत आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते २००४चे पाऊल. त्याचे मोल कळण्यासाठी त्याच देशातील एक आधीची घटना पाहावी. १९९० साली तेथील संसदेने गरीब स्त्रियांसाठी स्तनांच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या मोफत तपासणीचा कायदा केला. उत्तम कायदा. पण त्यातील पैसा उपचारावर खर्च करता येत नसे. तपासणी करणाऱ्या संस्था मग धर्मादाय निधी शोधत, एखाद्या शल्यचिकित्सकाच्या पाया पडत, रुग्णालयाकडे बिल माफ करण्याची याचना करीत. अशा स्त्रियांना मेडिकेडमधून उपचार देण्याची मुभा राज्यांना मिळाली ती २००० साली, दहा वर्षांनी. या दहा वर्षांत किती स्त्रियांना हातात निदानाचा कागद देऊन, आता तुमचे तुम्ही पाहा, असे सांगितले गेले असेल, याची कल्पनाही क्लेशकारक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ साली अशा तपासण्यांची काही तत्त्वे घालून दिली होती. रोगावर मान्य उपचार हवा आणि निदानाची व उपचाराची सोय हाताशी हवी, ही त्यांतली दोन. ती तत्त्वे वैद्यकाची म्हणून मांडली गेली. आम्हांस त्यांत निखळ नीतिशास्त्र दिसते. कारण लक्षणे असलेला रुग्ण डॉक्टरकडे जातो तेव्हा तो स्वतः मदत मागत असतो. डॉक्टरने आपल्या परीने जे जमेल ते करावे. येथे उलट आहे. माणूस आपल्या कामाला चालला होता. आपण त्याला हाक मारली, थांबवले, पोट तपासू म्हटले. हाक आपली होती. त्या हाकेत एक वचन दडलेले असते. आत काही सापडले तर तुला वाऱ्यावर सोडणार नाही, हे ते वचन. ते पाळण्याची तयारी नसताना केलेली मोफत तपासणी अपुरी दया असते असे पुष्कळ जण म्हणतील. आम्ही तिला त्याहून वाईट मानतो. अज्ञानात तो निदान निश्चिंत तरी होता. त्याची निश्चिंती आपण काढून घेतली आणि बदल्यात काहीच दिले नाही.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातील एक तपशील प्रवचनांत सहसा मागे पडतो. जखमा बांधणे, तेल व द्राक्षारस ओतणे, आपल्या जनावरावर बसवणे, हे सर्वांच्या लक्षात राहते. परंतु तो दुसऱ्या दिवशी उताराशाळेच्या मालकाच्या हाती नाणी ठेवतो आणि याहून अधिक खर्च झाल्यास परतताना तोही चुकता करण्याची हमी देतो. दयेला तेथे हिशेबाची वही जोडली गेली आहे आणि वहीचे शेवटचे पान कोरे ठेवले आहे. डेलावेअरच्या विधिमंडळाने हा दाखला डोळ्यांसमोर ठेवला होता असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. ते कर आणि निधी यांच्याच भाषेत बोलत असणार. पण केले त्यांनी तेच.

आता 'मोफत' या शब्दाकडे वळू. टेक्सस राज्यातील फोर्ट वर्थ शहरात गरिबांची सेवा करणारे एक मोठे सार्वजनिक रुग्णालय आहे. तेथे विमा नसलेल्या सुमारे सहा हजार लोकांवर केलेला एक प्रयोगही २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला शौचतपासणीचा लहानसा संच टपालाने घरी पाठवला. दुसऱ्याला मोफत कोलोनोस्कोपीचे निमंत्रण. तिसऱ्याला नेहमीसारखे, म्हणजे डॉक्टरकडे आले तर डॉक्टर सुचवतील. वर्षभरात नेहमीच्या गटातील सुमारे १२ टक्के लोकांची तपासणी झाली, कोलोनोस्कोपीचे निमंत्रण मिळालेल्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांची आणि घरी संच गेलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांची. मोफत असूनही चारांतील तीन माणसे कोलोनोस्कोपीला आली नाहीत. त्यांना अडाणी म्हणून मोकळे व्हायचे काय?

त्या तपासणीला काय लागते ते आधी पाहू. आदल्या दिवशी पातळ पदार्थांवर राहून, रेचक पिऊन पोट पूर्ण रिकामे करावे लागते. तो दिवस कामाचा नाही. दुसरा दिवस रुग्णालयात. गुंगीचे औषध दिलेले असल्याने स्वतः गाडी चालवून घरी येता येत नाही. बरोबर जबाबदार माणूस असल्यावाचून पुष्कळ ठिकाणी तपासणीच करीत नाहीत. म्हणजे दोन दिवसांची मजुरी याची आणि एका दिवसाची सोबत्याची. आणि सोबतीच नसेल तर? घटस्फोटित, विधुर, परदेशातून पोटासाठी आलेला, शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसलेला माणूस कोणाला म्हणणार, माझ्यासाठी सुटी घे आणि बाहेर बाकावर बसून राहा म्हणून? शासन डॉक्टरचे पैसे भरू शकते. शेजारी कोणत्या निधीतून आणायचा? आम्हांस वाटते, श्रीमंत देशांतील दारिद्र्याचे हे एक खरे रूप आहे. पैशाच्या गरिबीत माणसांची गरिबी मिसळली की मोफत वस्तूही महाग पडते.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील रुग्णालयात डॉ. हॅरोल्ड फ्रीमन या कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकांना हे फार पूर्वी उमगले होते. स्तनांचा कर्करोग पार विकोपाला गेल्यावरच गरीब स्त्रिया आपल्याकडे का येतात, या प्रश्नाने ते अस्वस्थ होते. १९९० साली त्यांनी प्रत्येक रुग्णाला एक वाटाड्या देण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. हा वाटाड्या डॉक्टर नसे. कोणता अर्ज कोठे भरायचा, कोणती खिडकी कधी उघडते, मुलांना कोणाकडे ठेवायचे, घाबरून तारीख चुकवली तर पुन्हा कशी मिळवायची, एवढे तो पाही. पूर्वी तेथील या रुग्णांपैकी ३९ टक्के स्त्रिया पाच वर्षे जगत. तपासणी आणि वाटाड्या दोन्ही मिळाल्यावर हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. डेलावेअरच्या परिचारिका याच कल्पनेच्या वारसदार होत.

उत्साहाच्या भरात एक सावधगिरी सुटू नये. निरोगी माणसाला तपासणीस बोलावताना त्याला सत्य सांगितले पाहिजे. कोलोनोस्कोपीत आतड्याला छिद्र पडण्याचा धोका हजारात एकापेक्षाही कमी असतो, पण तो असतो. गरिबाला वाचवण्यासाठी त्याला न विचारता रांगेत उभे करणे हाही त्याचा अवमानच. ज्याला सर्व समजावून सांगितल्यावर नको वाटते, त्याला नको म्हणण्याचा अधिकार आहे. मात्र नको म्हणणे आणि येता न येणे यांतील फरक ओळखण्याचे कष्ट कोणीतरी घेतले पाहिजेत.

या सेवेत आणखी एक अवघड गोष्ट आहे आणि ती देणाऱ्याच्या बाजूची आहे. दयेला चेहरा आवडतो. शस्त्रक्रियेसाठी मदत केलेले बालक हसताना दिसते, त्याचे आईबाप हात जोडतात, फोटो निघतो. ज्याचा पॉलिप काढला तो मनुष्य सोमवारी पुन्हा भिंती रंगवायला जातो. त्याला कर्करोग झाला असता की नसता, हे त्याला ठाऊक नाही, डॉक्टरला नाही, आणि पैसे देणाऱ्यालाही नाही. बहुतेक पॉलिप तसेही निरुपद्रवीच असतात. म्हणून वाचलेल्यांची नावे कोणालाच सांगता येत नाहीत. फक्त लाखामागचा आकडा खाली येतो. आभाराची पत्रे येत नाहीत. अशा कामाला देणगीदार मिळणे कठीण आणि म्हणूनच बहुधा ते करांच्या पैशातून, कायद्याच्या जोरावर व्हावे लागते. जे चेहऱ्यावाचून द्यावे लागते, ते न्यायाच्या खात्यात टाकणे अधिक सुरक्षित, असे आमचे मत होत चालले आहे.

आपल्याकडे या रोगाचे प्रमाण अमेरिकेपेक्षा पुष्कळ कमी आहे, त्यामुळे सरसकट कोलोनोस्कोपीचा आग्रह येथे धरणे शहाणपणाचे होणार नाही. शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, कारणावाचून वजन घटणे किंवा अंगातील रक्त कमी होणे, यांकडे मूळव्याध समजून वर्षभर दुर्लक्ष करू नये, एवढे मात्र घराघरांत कळायला हवे. आपल्या शासनाने लक्षणांवाचून तपासण्यासाठी निवडलेले कर्करोग वेगळे आहेत: तोंडाचा, स्तनांचा आणि गर्भाशयमुखाचा, वयाच्या तिशीपासून पुढे. २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणारी जनआरोग्य योजना कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा, औषधोपचाराचा व किरणोपचाराचा खर्च उचलते. म्हणजे शोधणारा हात आणि बरे करणारा हात हे दोन्ही कागदावर तरी आपल्याकडे आहेत. ते एकमेकांना किती वेळा भेटतात, हा खरा प्रश्न.

धर्मग्रामांत आणि गावागावांत आरोग्य शिबिरे भरतात. सकाळची मिस्सा आटोपली की सभागृहात टेबले मांडली जातात, मधुमेहासाठी बोट टोचले जाते, रक्तदाब मोजला जातो, हल्ली तोंडाची व स्तनांची तपासणीही होते. दुपारी मंडप उतरतो. ज्या बाईला स्तनात गाठ आढळली तिच्या हातात एक चिठ्ठी असते, आणि चिठ्ठीवर बहुधा 'पुढील तपासणी करावी' एवढेच. ती कोठे करावी, कोणत्या वारी, रेशनकार्डाच्या किती प्रती लागतील, मुंबईला जायचे तर पहिल्या दिवशी बरोबर कोण येईल, हे चिठ्ठीवर नसते. शिबिर भरवणाऱ्या मंडळींनी पत्रिका छापण्याआधी एखाद्या रुग्णालयाशी बोलणी केली, जनआरोग्य योजनेचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव विचारून ठेवले आणि महिलामंडळातील किंवा विन्सेंट द पॉल संस्थेतील चार जणांनी सोबतीला जाण्याची तयारी दाखवली, तर त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहायला पुष्कळ जागा आहे.